सीलबंद पुकारा

बीडच्या बसस्टँडामागच्या बोळात स्वप्नालीचं लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करून द्यायचं दुकान आहे. तिथं पोचल्यावर उत्तरेश्वररावांनी पहिलं काम काय केलं असेल, तर अर्ज दिला. तीन प्रतींत. विषय: विवाहाच्या चित्रफितीतील आवाज सुटा सुटा करून मिळणेबाबत. संदर्भ: आपले व माझे फोनवरील बोलणे. तिसऱ्या प्रतीवर त्यांनी पोच मागितली. स्वप्नालीनं आजवर नवरदेवांना गोरं करून दिलं होतं, वऱ्हाडामागं बर्फाचे डोंगर उभे करून दिले होते, पण पोच कुणाला दिली नव्हती. तिच्याकडं शिक्का नव्हता, म्हणून तिनं गुलाबाचं एक स्टिकर चिकटवून त्यावर सही केली. अर्जावर गुलाब पाहून उत्तरेश्वररावांच्या कपाळाला आठी पडली, पण सही वाचता येण्यासारखी होती, तेव्हा त्यांनी चालवून घेतलं.

तहसिलीत चौतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? तेलगावात त्यांच्या घरी दूध पातळ आलं तर गवळ्याला पहिल्या दिवशी तोंडी समज मिळते आणि तिसऱ्या दिवशी लेखी. बायकोनं, सावित्रीबाईंनी, भाजीत मीठ जास्त टाकलं तर मात्र ते काही लिहीत नाहीत. एवढी अक्कल त्यांना नोकरीनं नाही, संसारानं शिकवली.

तर प्रकरण होतं बावीस वर्षांपूर्वीचं. आमच्याकडं लग्नात मामाला मोठा मान. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी माइकवरून त्याच्या नावाचा पुकारा होतो, मग मामा फेटा सावरत पुढं येतो, भाच्याला-भाचीला हाताला धरून पाटावर उभं करतो आणि शेवटची अक्षत पडेपर्यंत मागं उभा राहतो. पुकारा झाल्याशिवाय मामानं पुढं यायचं नसतं. थोरल्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नात सावित्रीबाईंचा भाऊ राधाकिशन धर्मापुरीहून आला, मांडवाच्या खांबापाशी उभा राहिला, आणि उभाच राहिला. ऐन वेळेला पंचायत समितीचे सभापती आले, त्यांच्या गाडीतून सावित्रीबाईंचा कुणी लांबचा चुलतभाऊ उतरला, आणि गडबडीत मनीषाच्या मागं तोच जाऊन उभा राहिला. राधाकिशन जेवला नाही, कुणाला काही बोलला नाही. स्टँडवर गेला तो गेलाच, परत त्यानं तेलगावचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हापासून सावित्रीबाई भाऊबीजेला अंगणात येऊन चंद्राला ओवाळतात. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांनी असं करायचं असतं. यांना भाऊ आहे, चांगला धडधाकट आहे, ऊस लावतो, ट्रॅक्टर हाकतो. पण ताट घेऊन उभ्या राहतात त्या चंद्रापुढं. माहेरी गेल्या तर राधाकिशन नेमका त्याच वेळेला पाणी द्यायला रानात जातो. उत्तरेश्वररावांना याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, फार वाटायचं. पण प्रत्येक वेळी ते एकच म्हणायचे, की पुकारा झालता, मी तिथं हजर होतो, बँडच्या आवाजात त्याला ऐकू गेला न्हाई त्याला मी काय करू.

आता धाकट्या आदिनाथचं लग्न ठरलं, वैशाखातली तीथ निघाली. तीथ काढून ब्राह्मण उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच सावित्रीबाईंनी सांगून टाकलं, की दादा आला तर मी मांडवात पाय ठेवीन, न्हाई तर लेकाचं लग्न मी चुलीपशी बसून ऐकीन. हे त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून उत्तरेश्वरराव घाबरले.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? धर्मापुरीची एसटी धरली असती. शेजारच्या छबुबाईंनी कुंपणावरून तेच सांगितलं: भाऊजी, जावा, हात जोडा आणि मोकळे व्हा. पण हात जोडायचे म्हणजे चूक कबूल करायची, आणि न झालेली चूक कबूल करणं म्हणजे उत्तरेश्वररावांच्या मते रेकॉर्डशी बेइमानी. त्यांना हवा होता पुरावा. त्यांनी कपाटातून लग्नाच्या तीन सीड्या काढल्या, आणि मग कळलं की सीडी लावायचं यंत्र गावात कुणाकडं उरलेलंच नाही. होतं ते एकट्या धोंडीराम गुरुजींकडं, टीव्हीच्या खाली, आणि त्याच्यावर गणपती बसवलेला होता.

धोंडीराम गुरुजी म्हणजे त्या लग्नात माइकवर होते तेच. एके काळी पंचक्रोशीत त्यांच्या आवाजाशिवाय अक्षता पडत नसत. मांडवात पुढारी शिरताना दिसला की त्याचं नाव, गाव, पद आणि मागच्या निवडणुकीतलं मताधिक्य ते एका दमात सांगायचे. त्यांनी गणपतीला हात जोडून बाजूला ठेवलं, सीडी लावली, आणि दोघे म्हातारे टीव्हीला कान लावून बसले. बँड, जनरेटर, कुणाचं तरी रडणारं पोर, बायकांचा गलका आणि गुरुजी, सगळ्याचा एक गोळा झाला होता. पुकारा हाय, मीच केलाय, असं गुरुजी छातीवर हात ठेवून सांगत होते. कुठं हाय, ते मात्र त्यांनाही दाखवता येईना.

मार्ग दाखवला आदिनाथनं, पुण्याहून, फोनवर. जुन्या व्हिडिओचा आवाज आजकाल स्पेशियल ऑडिओत करून मिळतो म्हणाला. म्हणजे कॉम्प्युटर त्या गोळ्यातून एकेक आवाज वेगळा करतो आणि डोक्याभोवती जागच्या जागी मांडून देतो. हेडफोन लावला की मांडवाच्या मधोमध उभं राहिल्यासारखं वाटतं, बँड इकडून, बायका तिकडून. उत्तरेश्वररावांना यातलं एकच कळलं: दाव्यातली प्रत्येक साक्ष स्वतंत्र नोंदवता येते. ते बीडला निघाले.

स्वप्नालीनं आधी नमुना म्हणून त्यांना त्याच सीडीतल्या पंगतीचा तुकडा तयार करून ऐकवला. भला मोठा हेडफोन टोपीवरून चढवला. दोन मिनिटांनी उत्तरेश्वरराव वैतागून म्हणाले की बाई, ते मागचं जनरेटर आधी बंद करायला सांगा, त्याशिवाय काही ऐकू येणार नाही. जनरेटर बावीस वर्षांपूर्वीचं होतं. हे लक्षात आल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि तिच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं.

मग ती म्हणाली की काका, जुन्या सीडीत कोण कुठं उभं होतं हे नसतं, ते तुम्ही सांगायचं, मी तसं मांडते. हे ऐकून उत्तरेश्वररावांच्या अंगात दहा वर्षांची नोकरी परत आली. त्यांनी मांडवाचा नकाशा काढला, प्रमाण टाकून, उत्तर दिशेचा बाण दाखवून. खाली चतुःसीमा: पूर्वेस स्टेज, पश्चिमेस जनरेटर व सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस महिला वर्ग, उत्तरेस बँड. स्टेजच्या डाव्या अंगाला, माइकच्या अगदी जवळ, एक फुली मारून त्यांनी लिहिलं ‘अर्जदार’. उजवीकडं बायकांच्या पहिल्या रांगेत फुली मारून लिहिलं ‘सौ. अर्जदार’. आणि ऐकणाऱ्याची जागा धरली खांबापाशी, जिथं राधाकिशन उभा होता. त्याला त्याच्याच जागेवरून ऐकू आलं म्हणजे पुन्हा तक्रारीला जागा नको.

पहिल्या खेपेला घोळ झाला. कॉम्प्युटरनं बँडमधल्या क्लॅरिनेटला माणूस समजून स्टेजवर उभं केलं, आणि धोंडीराम गुरुजींना वाद्य समजून बँडमध्ये घातलं. स्वप्नालीनं हे हसत हसत फोनवर सांगितलं, उत्तरेश्वररावांनी ते न हसता गुरुजींना सांगितलं, आणि गुरुजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की मी स्टेजवर उभा होतो, तेव्हा माझा आवाज थोडा वरून आला पाहिजे. तशी पुरवणी अर्ज देऊन विनंती करण्यात आली.

स्वप्नालीनं मग यंत्राचा नाद सोडून कानानं ऐकून, हातानं एकेक तुकडा वेगळा केला. आठ दिवस लागले तिला. नवव्या दिवशी तिचा फोन आला, की काका, फाइल तयार हाय, पण नेण्याआधी एकदा स्वतः ऐकून घ्या.

उत्तरेश्वररावांनी तिला समजावलं की बाई, असं करता येत नाही. पुरावा हा विरुद्ध पक्षासमोर उघडायचा असतो; आधीच ऐकला तर पुरावा फुटला. स्वप्नालीनं तो तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाली, “काका, माइकच्या जवळचा एक आवाज लई स्वच्छ आलाय. म्हनत असाल तर त्यो थोडा कमी करते.”

“एक अक्षर कमी न्हाई, एक अक्षर जास्त न्हाई,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “जसं हाय तसं.”

“बघा बरं, काका,” ती म्हणाली, आणि बिचारीनं जसं होतं तसं पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलं. वर स्वतःचा हेडफोनही दिला. त्याच्यावर उत्तरेश्वररावांनी मार्करनं ‘डावा’ आणि ‘उजवा’ असं लिहून घेतलं.

तिथून ते गेले अमरसिंह वकिलांकडं, नोटरीला. मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र लिहवलं, की सदर आवाज मूळ आवाजाबरहुकूम असून त्यात जे काही ऐकू येईल ते मला मान्य व माझ्यावर बंधनकारक राहील. वकिलांनी चष्म्यावरून पाहत विचारलं की ऐकलंय का तुम्ही? उत्तरेश्वरराव म्हणाले, ऐकायचं काय त्यात, मी स्वतः हजर होतो. वकिलांनी आवाज ज्यांचे आहेत त्यांची ओळखपत्रं मागितली. त्यावर बराच खल झाला, कारण सभापती वारले होते आणि क्लॅरिनेटवाल्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एकट्या अर्जदाराच्या आधार कार्डावर भागवायचं ठरलं. पेन ड्राइव्हवर शिक्का मारताना तो अर्धा पेन ड्राइव्हवर आणि अर्धा वकिलांच्या अंगठ्यावर उमटला.

घरी येऊन त्यांनी पाकिटाला लाखेचं सील केलं. लाख वितळवायला घेतली सावित्रीबाईंची फोडणीची पळी. ती पळी पुढं फोडणीच्या कामाची राहिली नाही, आणि सावित्रीबाई त्याबद्दल काहीही बोलल्या नाहीत, यावरून त्यांचा जीव कुठं लागला होता ते ओळखावं. त्यांनी फक्त विचारलं, “ह्यानं दादा येईल का?”

“कायद्यानं यावंच लागंल,” उत्तरेश्वरराव म्हणाले.

लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. पत्रिका घरी घेऊन आलेल्या माणसाला पाठ दाखवायची आमच्याकडं रीत नाही, त्यामुळं त्या दिवशी राधाकिशनला रानात जाता आलं नाही. परळीला गाडी बदलून दोघं धर्मापुरीला पोचली तेव्हा तो ओसरीत बाजेवर बसला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं दाजींना रामराम घातला, बहिणीकडं नीट पाहिलं नाही, आणि पाणी आणायला बायकोला, मंजुळाबाईंना, हाक मारली. सावित्रीबाई दाराशी, त्याच्या डाव्या हाताला, जमिनीवर बसल्या.

पत्रिका दिली, कुंकू लावलं, चहा झाला. लग्नाला येतो असं राधाकिशन म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. मग उत्तरेश्वररावांनी पाकीट काढलं. सील अभंग असल्याबद्दल त्यांनी राधाकिशनची सही मागितली. राधाकिशननं विचारलं की दाजी, मी काय चोरी केलीय का? मंजुळाबाईंनी सही केली. मग प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचण्यात आलं, ‘मान्य व बंधनकारक’ हे शब्द दोनदा. वहीत लिहून आणल्याप्रमाणं पेन ड्राइव्ह मोबाइलला जोडला, आणि हेडफोन राधाकिशनच्या कानांवर चढवला, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं.

आता हेडफोन एकच. ऐकणारा एकटा राधाकिशन, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघणारे. चार मिनिटांची फाइल. पहिल्यांदा त्याचा पाय हलायला लागला, म्हणजे बँड सुरू झाला होता. मग त्यानं भुवया वर करून छताकडं पाहिलं, म्हणजे धोंडीराम गुरुजी वरून येत होते. मग त्याचा पाय थांबला. त्यानं मान वळवून उत्तरेश्वररावांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, आणि तो जबडा आवळून बघतच राहिला. उत्तरेश्वरराव मनात म्हणाले, आला. आला पुकारा. बावीस वर्षं मी काय सांगत होतो? ते जरा ताठ बसले.

आणि तेवढ्यात राधाकिशननं झटकन उजवीकडं मान फिरवली. उजवीकडं कुणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीला टेकवलेलं सरकीचं पोतं होतं. त्या पोत्याकडं बघत तो, कान झाकलेला माणूस बोलतो तसा, घर दणाणेल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “ओ! आलो, साऊ.”

सावित्रीबाई उठूनच उभ्या राहिल्या. त्यांना साऊ म्हणणारं जगात एकच माणूस होतं. “दादा, मी हिकडं हाय,” त्या म्हणाल्या. पण त्याला ते ऐकू गेलं नाही, तो पोत्याकडंच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. फाइल संपली तसा त्यानं हेडफोन काढला आणि बहिणीच्या हातात दिला.

सावित्रीबाईंनी चार मिनिटं ऐकलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. मग हेडफोन नवऱ्यापुढं धरून म्हणाल्या, “घ्या. तुमी बी ऐका.”

उत्तरेश्वररावांनी ऐकलं. बँड होता, जनरेटर होतं, गुरुजी वरून कुणाकुणाचं स्वागत करत होते. आणि डाव्या कानात, अगदी आत, त्यांचा स्वतःचाच आवाज आला. बावीस वर्षांनी तरुण, घाईतला आवाज. माइक चालू आहे हे न कळलेला, आणि बँडखाली मांडवात कुणालाच ऐकू न गेलेला. “गुरुजी, आदी सभापतीचं घ्या, ते आत आले. राधाकिशनचं ऱ्हाऊ द्या. त्यो घरचाच हाय, त्यो कुठं रुसतोय.” त्याच वेळी उजवीकडून, बायकांच्या गलक्यातून, सावित्रीबाई हाका मारत होत्या. “गुरुजी, दादाला बोलवा की. आमचा दादा खांबापशी उभा हाय. दादा! आरं दादा, ये की हिकडं.” तीनदा मारली हाक, आणि तिन्ही वेळा बँडनं ती गिळली. मग सभापतींचं नाव, गाव आणि मताधिक्य झालं, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. पुकारा नव्हताच.

हेडफोन काढल्यावर उत्तरेश्वररावांना आधी टोपी सापडेना. ती मांडीवरच होती. बावीस वर्षं ते खोटं बोलत नव्हते हो, देवाशपथ नव्हते. त्यांना खरंच पुकारा आठवत होता, शब्दान् शब्द. आपण खोडलेलं नाव आपल्याच मनानं परत लिहून ठेवलं असेल, असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांनी टोपी घातली. म्हणाले, “सदर बाब अनवधानानं...” आणि थांबले. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो चुकांवर हा शब्द लिहिला होता. आज तो तोंडातून पुढं सरकेना.

“चुकलं माझं, राधाकिशन,” ते म्हणाले. “तुमचं नाव मीच खोडलं.”

मंजुळाबाई चुलीकडं गेल्या. त्यांना तिथं काही काम नव्हतं, पण पाहुण्याचं तोंड अशा वेळी बघू नये एवढं त्यांना कळत होतं.

राधाकिशननं बाजेवरची पत्रिका उचलून नीट ठेवली. मग म्हणाला, “दाजी, मला वाटलं, पुढारी आल्यावर मी परका झालो. आन् तुमी तर घरचा म्हनून वगळलं मला.” तो हसला, आणि हसताना त्याचा आवाज फाटला. “पर घरचं मानूस रुसतंय, दाजी. घरचंच तर रुसतंय. परक्याला काय पडलीय?”

“बराबर हाय तुमचं,” उत्तरेश्वरराव म्हणाले.

“तुमचं मी एक वेळ इसरलो असतो,” राधाकिशन म्हणाला. “मला खरा राग हिचा होता. म्हनलं, माझ्या पाठची भन, आन् माझा भाऊ कुठं हाय म्हनून हिनं साधं इचारलं बी न्हाई.”

सावित्रीबाई त्याच्याजवळ येऊन बाजेच्या कडेला बसल्या होत्या. “तीनदा हाक मारली रे मी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुला ऐकू येतंय, तूच येत न्हाईस.”

राधाकिशननं हेडफोन परत उचलला. दाजींना म्हणाला की तेवढं एकदा परत लावून द्या. डावा कान त्यानं मोकळा ठेवला, नुसता उजवा लावला आणि डोळे मिटून बसला. उत्तरेश्वररावांनी वहीत बघून, चष्मा पुसून लावून दिलं. एकदा ऐकून झालं, तर तो म्हणाला अजून एकदा. तिसऱ्यांदा सावित्रीबाईंनीच त्याच्या कानावरून ते काढून घेतलं.

“आता मी हितं बसलेय नव्हं?” त्या म्हणाल्या. “येतोस का लग्नाला?”

“येतो,” राधाकिशन म्हणाला. “पर एक हाय. आदिनाथच्या मागं उभं ऱ्हायला मला गुरुजींनी बोलवायचं न्हाई आन् दाजींनी बी न्हाई. पुकारा तू करायचास.”

सावित्रीबाई एवढ्याशा झाल्या. “मला न्हाई बाबा माइकवर बोलता येत, दादा.”

“माइक कशाला लागतोय?” राधाकिशन म्हणाला. “मला ऐकू येतंय आता.”